दोन गडांमधली धार : राजगड–तोरणा वाटेचा इतिहास

१/
जून १६६५. पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले मोगलांच्या स्वाधीन केले आणि अवघे बारा स्वतःकडे राखले. पुरंदर गेला, कोंढाणा गेला, रोहिडा गेला, लोहगडही गेला. राखलेल्या बारांत मात्र राजगड होता आणि त्याचा शेजारी तोरणाही होता. ही जोडी फुटली नाही. का फुटली नाही, याचे उत्तर या दोन गडांना जोडणाऱ्या डोंगरधारेवर चालताना मिळते. हा धागा त्या धारेविषयी आहे. 🧵

२/
पुण्याहून नसरापूरमार्गे मार्गासनीला यायचे, गुंजवणे किंवा पाली गावातून राजगड चढायचा, संजीवनी माचीवरून अळू दरवाज्याने खाली उतरायचे, धारेने चालत तोरण्याच्या बुधला माचीला भिडायचे, तोरणा ओलांडून वेल्ह्यात उतरायचे आणि रस्त्याने पुन्हा मार्गासनीला यायचे. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना ही फेरी चांगली परिचित आहे. दोन गडांतले हवाई अंतर सात-आठ किलोमीटरच भरते. पण धार वळसा घेत जाते, चढते, उतरते, खिंडीत कोसळते आणि पुन्हा उठते. केवळ धारेच्या चालीलाच सहा ते आठ तास लागतात.

३/
नकाशा उघडून पाहावा. धारेच्या उत्तरेस कानंदी आणि गुंजवणी नद्यांची खोरी आहेत, दक्षिणेस वेळवंडीचे. उत्तरेचा उतार वेल्हे तालुक्यात, दक्षिणेचा भोर तालुक्यात. धारेवर पडलेला पाऊस दोन बाजूंना फुटतो आणि शेवटी नीरेतच एकत्र येतो. शिवकाळात या खोऱ्यांनाच मावळ म्हणत : गुंजण मावळ, कानद खोरे, वेळवंड खोरे, आणि पलीकडे हिरडस मावळ व रोहिड खोरे. प्रत्येक खोऱ्याचे देशमुख घराणे वेगळे, मानपान वेगळा आणि शेजाऱ्याशी सीमेचे तंटेही वेगळे. गुंजण मावळात शिळीमकर, कानद खोऱ्यात मरळ, वेळवंडात ढोर, हिरडसात बांदल.

४/
म्हणजेच ही धार केवळ दोन किल्ल्यांना जोडत नव्हती. ती खोऱ्यांना विभागत होती. खालून जाणाऱ्याला एका खोऱ्यातून दुसऱ्यात शिरायचे तर खिंड गाठावी लागे. धारेवर उभ्या असलेल्या माणसाला मात्र दोन्ही खोरी एकाच वेळी दिसत. ज्याच्या हाती धार, त्याच्या नजरेखाली दोन मावळ. राजगड आणि तोरणा ही या धारेची दोन टोके होत.

५/
आता खडकाविषयी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले आणि दख्खनचे पठार घडले. हे थर सारखे नाहीत. कठीण थरांचे उभे कडे झाले, मऊ थर झिजून त्यांचे सपाट टप्पे झाले. या टप्प्यांनाच, आणि गडाच्या सोंडेसारख्या पुढे आलेल्या भागांना, दुर्गशास्त्रात माची म्हणतात. राजगडाची पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी, तोरण्याची झुंजार आणि बुधला : या साऱ्या माच्या आधी निसर्गाने कोरल्या. माणसाने त्यांना तटबंदी घातली.

६/
याच खडकाचे दुसरे वैशिष्ट्य वाट चालणाऱ्याला घसा कोरडा पडल्यावर कळते. जुलै-ऑगस्टमध्ये ही धार ढगांत बुडालेली असते, पाऊस थांबता थांबत नाही. पण घट्ट कातळात पाणी फारसे मुरत नाही. ते उतारावरून धावत खोऱ्यात निघून जाते. मार्च उजाडला की गवत पिवळे पडते, एप्रिलमध्ये माथा करपतो आणि वर्षाकाठी इतका पाऊस झेलणारा डोंगर एखाद्या उंच वाळवंटासारखा वागू लागतो. दोन गडांच्या मधल्या टप्प्यात उन्हाळ्यात पाण्याची खात्री धरता येत नाही. पाणी आहे ते गडांवर, कातळात खोदलेल्या टाक्यांत आणि तळ्यांत.

७/
म्हणूनच डोंगरी किल्ल्याचा इतिहास बुरुजांच्या आधी टाक्यांपासून वाचावा. टाके खोदताना निघालेला दगडच तटाला वापरता येई, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत भरलेले पाणी उरलेले आठ महिने शिबंदीला जगवी. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. किल्ला बांधण्यापूर्वी पाणी पाहावे आणि नसेल तर कातळ फोडून साठे करावेत, हा त्यातला आग्रह या डोंगरांतल्या अनुभवातूनच आलेला आहे.

८/
इतिहासात ही धार ठळकपणे अवतरते ती इ.स. १६४६-४७ च्या सुमारास. विजापूरचा मुहम्मद आदिलशहा आजारी होता आणि दरबाराचे लक्ष मावळच्या डोंगरांकडे नव्हते. या संधीत तोरणा शिवाजी महाराजांच्या हाती आला. त्या वेळी त्यांचे वय सोळा-सतरा वर्षांचे. स्वराज्याचे तोरण बांधले गेले ते येथेच, असे मराठी मन मानते. गडाचा अवाढव्य विस्तार पाहून त्याला प्रचंडगड हे नाव मिळाले. समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंचीचा हा गड पुणे जिल्ह्यातील सर्वांत उंच किल्ला आहे.

९/
तोरण्याची डागडुजी करताना मोहरांनी भरलेले हंडे सापडले आणि त्या धनातून समोरचा मुरुंबदेवाचा डोंगर बांधून काढला, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. हंड्यांची संख्या आणि होनांचा आकडा कथेगणिक बदलतो, त्यामुळे तपशिलावर भर देण्यात अर्थ नाही. कथेचा गाभा मात्र विचार करण्याजोगा आहे. एक गड हाती येताच थोड्याच काळात त्याच धारेच्या दुसऱ्या टोकावर बांधकाम सुरू झाले. जोडीचा विचार पहिल्या पावलापासून होता.

१०/
येथे एक प्रश्न उभा राहतो. तोरणा अधिक उंच, अधिक दुर्गम आणि आधी मिळालेला. मग राजधानी तेथे का झाली नाही? उत्तर माथ्याच्या आकारात आहे. तोरण्याचा बालेकिल्ला आणि त्याच्या माच्या लांबट, चिंचोळ्या, कड्यांनी कापलेल्या. लढण्यास उत्तम, वसण्यास अवघड. राजधानीला केवळ तट पुरत नाही. सदर लागते, कोठारे लागतात, कारखाने लागतात, राजकुटुंबाची आणि कारभाऱ्यांची घरे लागतात.

११/
मुरुंबदेवाच्या डोंगरावर ही सोय होती. मध्ये उंच, एकाकी बालेकिल्ला आणि त्याच्या पायाशी तीन दिशांना फाकलेल्या तीन माच्या. पद्मावती माचीवर तळे आणि वस्तीला पुरेशी सपाटी. सुवेळा माची पूर्वेकडे रोखलेली, तिच्या कातळात वाऱ्याने कोरलेले नेढे. आणि नैर्ऋत्येकडे सुमारे अडीच किलोमीटर लांबीची संजीवनी माची. हा डोंगर बांधून झाला आणि त्याचे नाव राजगड पडले. पुढची जवळपास पाव शतक स्वराज्याचा कारभार येथून चालला.

१२/
संजीवनी माची हे मराठी दुर्गरचनेतील एक नवल मानले जाते. तिची तटबंदी चिलखती आहे : बाहेरचा तट, आतला तट आणि दोहोंमध्ये अरुंद मोकळी पट्टी. बाहेरची भिंत फुटली तरी शत्रू आत येतो तो गडात नव्हे, तर दोन भिंतींच्या सापळ्यात. एवढी मेहनत याच माचीवर का? कारण हिच्याच टोकाकडून तोरण्याची धार सुरू होते. इतर बाजूंना कडे आहेत. येथे डोंगर उतरत उतरत पुढे चालत जातो. जिथून मित्राची वाट येते, तिथूनच शत्रूचीही येऊ शकते, हे बांधणाऱ्यांनी ओळखले होते.

१३/
तरीही ती वाट बंद केलेली नाही. संजीवनीच्या तटात अळू दरवाजा आहे आणि तोरण्याकडे जाणारी ये-जा तेथूनच होई. आज्ञापत्रही सांगते की किल्ल्याला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष आहे, आणि जवळच्या मोक्याच्या डोंगराकडे दुर्लक्ष करू नये. राजगड-तोरण्याच्या रचनेत हे दोन्ही विचार आज्ञापत्र लिहिले जाण्याच्या कितीतरी आधी दगडात उतरलेले दिसतात.

१४/
गड दगडाचा असला तरी तो राखतात माणसे. प्रत्येक किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे तीन अधिकारी असत. एकाच्या फितुरीने गड जाऊ नये म्हणून अधिकार वाटून दिलेला असे. गडाच्या उतारावरचे रान, म्हणजे घेरा, रामोशी, कोळी, महार अशा आसपासच्या समाजांच्या पहाऱ्यात असे. कोणती पाऊलवाट पावसात वाहून जाते, कोणता झरा फाल्गुनात आटतो, कोणत्या घळीतून रात्री चढता येते, हे ज्ञान त्यांच्याकडे होते. इतिहासग्रंथांत त्यांची नावे क्वचित येतात. पण धारेचे खरे जाणकार तेच.

१५/
या माणसांनी मोजलेली किंमत १६६५ मध्ये दिसते. मिर्झाराजे जयसिंगाने पुरंदरला वेढा घातला आणि त्याच वेळी दाऊदखान कुरेशीला मावळात धाडले. उद्देश किल्ले घेण्याचा नव्हता. किल्ल्यांना जगवणारी गावे जाळण्याचा होता. एप्रिलअखेरीस रोहिडा आणि राजगडाच्या परिसरातील गावे पेटली, गुरे आणि माणसे धरून नेली गेली. मोगल सैन्य राजगडाच्या पायथ्याजवळ येऊन ठेपले, पण गडावर हल्ला न करताच मागे वळले.

१६/
आता तहाकडे पुन्हा पाहावे. गड अभेद्य राहिले तरी खोरी जळत होती. तह करावा लागला तो या दुहेरी दाबाखाली. पण काय द्यायचे आणि काय राखायचे हे ठरवताना राजगड आणि तोरणा दोन्ही राखले गेले. एकटा राजगड राखून तोरणा दिला असता तर संजीवनी माचीच्या समोरच, धारेच्या दुसऱ्या टोकाला, मोगल ठाणे बसले असते. चिलखती तट बांधूनही राजधानीची पाठ कायमची उघडी राहिली असती. तेवीस किल्ले गमावण्याच्या घटकेलाही हे भान सुटले नाही, असे तहाची यादी सांगते.

१७/
राजगडाने या काळात बरेच पाहिले. ५ सप्टेंबर १६५९ रोजी सईबाईंचे येथे निधन झाले. त्यानंतर दोन महिन्यांनी प्रतापगडाचा रणसंग्राम घडला. १६६४ मध्ये सुरतेची संपत्ती येथे आली. १६६६ मध्ये महाराज आग्ऱ्यास निघाले ते येथून आणि सुटून परतले तेही येथेच. २४ फेब्रुवारी १६७० रोजी राजाराम महाराजांचा जन्म याच गडावर झाला. पण १६६५ ने एक धडा दिला होता : पुण्याच्या बाजूने येणारी फौज राजगडाच्या पायथ्याला पोहोचू शकते. पुढे राजधानी रायगडावर गेली आणि ६ जून १६७४ चा राज्याभिषेक तेथे झाला.

१८/
राजधानी हलली म्हणून जोडीचे महत्त्व संपले नाही. १६७१-७२ च्या सुमारास किल्ल्यांच्या इमारतींसाठी रकमांची जी तजवीज झाली, तिच्यात राजगडासाठी १०,००० होन आणि प्रचंडगडासाठी ५,००० होन आहेत. रायगड उभा राहत असताना, खजिन्यावर मोठा ताण असताना, धारेची दोन्ही टोके दुरुस्तीच्या यादीत राहिली.

१९/
या धारेची सर्वांत कठोर परीक्षा महाराजांच्या पश्चात झाली. १६८९ मध्ये राजगड मोगलांकडे गेला आणि मराठ्यांनी तो परत मिळवला. मग १७०३ च्या अखेरीस खुद्द औरंगजेब या डोंगरांत आला. त्याचे वय पंचाऐंशी. त्याच वर्षी सिंहगड त्याने घेतला होता, तोही लढून नव्हे तर द्रव्य देऊन. पुण्यातला मुक्काम हलवून तो राजगडाकडे निघाला. पण घाटाची वाट तोफा आणि हत्ती यांना जाऊ देईना. रस्ता नीट करण्यासाठी आधी मजूर पाठवावे लागले.

२०/
डिसेंबर १७०३ च्या आरंभी राजगडाला वेढा पडला. दोन महिने तोफा चालल्या. फेब्रुवारी १७०४ मध्ये पहिला दरवाजा पडला आणि बालेकिल्ल्यात मागे हटलेल्या शिबंदीने काही दिवसांनी गड सोडला. औरंगजेबाने राजगडाचे नाव नबीशाहगड ठेवले. आणि लगेच, आठवड्याच्या आतच, त्याची छावणी तोरण्याकडे सरकली. राजगड घेऊन तो थांबला नाही. दुसरे टोक हाती आल्याशिवाय पहिले आपले नाही, हे त्यालाही उमगले होते.

२१/
तोरण्याची शिबंदी नमेना. तेव्हा १० मार्च १७०४ च्या रात्री अमानुल्लाखानाने निवडक माणसे घेतली, कड्याला दोराची शिडी लावली आणि अंधारात वर चढला. त्याच्याबरोबर चढणाऱ्यांत मावळेही होते. डोंगर जाणणारी माणसे आता दोन्ही बाजूंना होती. गड पडला आणि त्याला फुतूहुल्गैब, म्हणजे दैवी विजय, असे नाव दिले गेले. दक्षिणेतल्या या अखेरच्या मोहिमांत बहुतेक किल्ले औरंगजेबाने पैसे मोजून घेतले. तोरणा मात्र लढून घ्यावा लागला, म्हणून इतिहासकार त्याची गणना वेगळी करतात.

२२/
या दोन वेढ्यांतून धारेचा दुसरा गुण दिसतो. जोपर्यंत दोन्ही टोके एका हाती, तोपर्यंत ती ढाल. एक टोक गेले की तीच धार शत्रूची वाट होते. राजगडाला दोन महिन्यांहून अधिक काळ लागला, त्यानंतर तोरणा तीन आठवड्यांत पडला. शौर्य कमी होते म्हणून नव्हे. रात्रीची ती शिडीच सांगते की समोरून तोरणा मिळत नव्हता. पण एकटा पडलेला गड वेळ विकत घेऊ शकतो, सुटका नाही. तीन वर्षांत, १७०७ मध्ये, औरंगजेब अहमदनगरात निवर्तला आणि नवी नावे पुसली जाऊन गड पुन्हा राजगड आणि तोरणा झाले.

२३/
पुढे हे दोन्ही गड भोरच्या पंत सचिवांकडे राहिले. शंकराजी नारायण सचिवांना राजाराम महाराजांच्या काळात मिळालेल्या वतनातून भोर संस्थान उभे राहिले होते. संस्थानाच्या तालुक्यांची नावे पाहण्यासारखी आहेत : विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड आणि पवनमावळ. म्हणजे कारभाराचे कागद गडांच्या नावांनी लिहिले जात. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि ती नावे दप्तरात राहिली. अलीकडे वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. हे नाव नवे नाही. जुन्या दप्तरातले एक पान पुन्हा उघडले, एवढेच.

२४/
जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूदृश्यांतील बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले. त्यांत राजगड आहे, तोरणा नाही. निवडीला तिचे निकष असतात आणि बारांत सारे बसणार नाहीत. पण भूदृश्य या शब्दाचा अर्थ घ्यायचा तर गड एकटा वाचता येत नाही. संजीवनी माचीचा चिलखती तट कोणाकडे तोंड करून उभा आहे, हे तोरणा वगळून समजावता येणार नाही. जतनाचा विचार बुरुजापाशी थांबला, तर मधली धार डांबरी रस्ते, प्लॉट आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या यांच्या हवाली होईल. तिला कोणत्याही यादीचे संरक्षण नाही.

२५/
चालणाऱ्यांसाठी थोडे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पावसात धारेवर धुके उतरले की दहा पावलांपुढचे दिसत नाही आणि निसरड्या कातळावर चूक महागात पडते. उन्हाळ्यात सावली जवळपास नाही. पाणी राजगडावरच पुरेसे भरून घ्यावे, पहाटे निघावे, शक्य असल्यास पायथ्याच्या गावातला वाटाड्या घ्यावा. तो घेऱ्यातल्या जुन्या ज्ञानाचा आजचा वारस आहे. टाक्यात पाय धुऊ नयेत, तटावरचे दगड ढकलू नयेत.

२६/
आणि मध्येच, वेल्हे-भुतोंडे रस्त्याच्या खिंडीतून पुन्हा चढ लागला की एकदा थांबून मागे पाहावे. मागे राजगडाचा बालेकिल्ला, पुढे तोरण्याचा बुधला, डावीकडे वेळवंडीचे पाणी, उजवीकडे कानंदीचे खोरे. पुस्तकात दोन किल्ल्यांची दोन प्रकरणे असतात. येथे, पायांखाली, ते एकच प्रकरण आहे. तहाच्या यादीत ही दोन नावे एकत्र का राहिली, ते या जागी कोणी समजावून सांगावे लागत नाही.

(धागा समाप्त)